नाही का

माझ्या नावापुढे स्क्रीनवर एक ठिपका असतो. हिरवा असला तर मी ताजीतवानी, पिवळा झाला तर मरगळलेली, आणि लाल झाला तर कंपनीच्या मते मी एकतर झोपलेय किंवा मेलेय. हा शोध आमच्याकडे आणला आमच्या मॅनेजरने. तिशीचा आहे, शर्टाची इस्त्री कधी मोडत नाही, व्हिडिओत मागे पुस्तकांचं कपाट, त्यातलं एकही पुस्तक गेल्या वर्षभरात जागचं हललेलं नाही. आम्ही टायपिस्ट बायका आपसांत त्याला ठिपकेवाला म्हणतो. तोंडावर सर.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. डॉक्टर पेशंटला तपासतात आणि काय दिसलं ते यंत्रात बोलून ठेवतात. ते बोलणं माझ्याकडे येतं आणि मी त्याचा रिपोर्ट टाइप करते. तेरा वर्षं हॉस्पिटलच्या तळघरात बसून केलं, गेली सहा वर्षं घरून. स्वयंपाकघर आणि बेडरूमच्या मधल्या बोळात माझं टेबल आहे. कानाला हेडफोन, टेबलाखाली पेडल. पायाने दाबलं की डॉक्टर बोलतात, सोडलं की गप्प होतात. या घरात माझं इतकं ऐकणारं दुसरं कोणी नाही.

आणि माझी एक पद्धत आहे. आधी अख्खं ऐकायचं. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, जिवाचा कान करून. त्यानंतर टाइप करायचं. कारण डॉक्टर झाला तरी माणूसच. सुरुवातीला उजवा गुडघा म्हणतो आणि सहा मिनिटांनी, निघता निघता, 'वर उजवा म्हणालो तो डावा समजा' असं पुटपुटतो. तळघरातल्या आमच्या हेडबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आधी ऐक, मग बडव." एकोणीस वर्षांत माझा एकही रिपोर्ट चुकीचा म्हणून परत आला नाही. बढाई मारत नाही. म्हणजे मारतेय, पण खरी मारतेय.

दोन रिपोर्टच्या मध्ये मी उठायचे. मशीनमधले चार कपडे दोरीवर टाकायचे, तोंडावर पाणी मारायचे, खिडकीतून खाली सायकलवाल्याचं दुकान बघायचे. तो चाक फिरवून त्याची वाकडी तार शोधत असतो, त्याचंही बोट नुसतं टेकलेलं असतं आणि कान चाकाकडे असतात. एवढं बघून मी परत टेबलाशी. माझा ताजेपणा म्हणजे एवढाच, आणि तो मला एकोणीस वर्षं पुरला.

मग ठिपका आला. पाच मिनिटं कीबोर्ड किंवा माऊस हलला नाही की पिवळा, पंधरा मिनिटं झाली की लाल. दिवसाच्या शेवटी सगळ्याची गोळाबेरीज करून शंभरपैकी एक आकडा, त्याचं नाव 'ताजेपणा'. सोबत रोज सकाळी ठिपकेवाल्याचे सल्ले. घरी असलात तरी ऑफिसचे कपडे घाला. टेबलावर एक झाड ठेवा. दर तासाला पाणी प्या. स्वतःशीच हसा. अहो, मी स्वतःशी हसायला लागले तर घरचे मला तुमच्या नव्हे, दुसऱ्याच डॉक्टरकडे नेतील. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

पहिल्या महिन्यात माझा ताजेपणा निघाला एकेचाळीस. सव्वीस जणींत शेवटचा. ठिपकेवाल्याने फोन केला.

"मॅडम, तुम्ही मध्ये मध्ये कुठे जाता?"

"कुठेही जात नाही. ऐकत असते. पायाने पेडल चालू असतं ना."

"सिस्टिममध्ये पाय नाहीये, मॅडम."

"मग घ्या की त्याला सिस्टिममध्ये. तोही कंपनीचंच काम करतोय."

तो हसला नाही. सलग दोन महिने साठच्या खाली आकडा राहिला तर नाव यादीतून निघतं, एवढं गोड आवाजात सांगून त्याने फोन ठेवला. माझा एक महिना झाला होता. नवरा लांब पल्ल्याची बस चालवतो, दिवसाआड घरी असतो. घर आमच्या दोघांच्या कमाईवर उभं आहे, एका पायावर उभं राहायची त्याला सवय नाही. आणि पन्नाशीला टेकलेल्या टायपिस्टला नवं काम कोण देतो? फोन ठेवल्यावर मी रडले. खोटं कशाला सांगू, चांगली मुसमुसून रडले.

सासूबाई बाहेरच्या खोलीतून आल्या. बत्तीस वर्षं त्यांनी सूतगिरणीत काढली, बॉबिन भरायच्या. माझं सगळं रडगाणं त्यांनी उभ्याने ऐकलं, आणि विचारलं, "म्हणजे मुकादम फिरतोय आणि त्याला फक्त हात दिसतात. असंच ना?"

"असंच, आई."

"मग त्यात रडायचं काय? आम्ही बत्तीस वर्षं तेच केलं. मशीन बंद पडलं तरी हात हलता ठेवायचा. मुकादम पुढे जातो." त्यांनी स्टूल ओढलं, माझ्या उजव्या बाजूला बसल्या आणि माऊसवर हात ठेवला. "तू डोळे मिट. तुझा उंदीर मी फिरवते."

माऊसला त्या उंदीरच म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊला चष्मा लावून, केस विंचरून त्या कामावर हजर. मी ऐकायचे, त्या उंदीर फिरवायच्या. मी कपडे वाळत घालायला उठले तरी ठिपका हिरवागार. मध्येच म्हणायच्या, "जा, तोंड धुऊन ये, मी आहे ड्युटीवर." पहिल्या आठवड्यात आकडा त्र्याहत्तर. दुसऱ्यात ब्याऐंशी. दुपारचं जेवण करताना आम्ही दोघी हसून हसून बेजार व्हायचो.

इथवर झालं ते चुकीचं होतं असं मला अजूनही वाटत नाही. चुकले ती पुढे.

तो आकडा मला आवडायला लागला. रोज संध्याकाळी सगळ्यांची यादी यायची आणि मी तिच्यात वर चढत होते. एकेचाळीसवाली बाई सातव्या नंबरावर, मग चौथ्या. शाळेत कधी वरचा नंबर आला नाही, आता आला तर हाव सुटली. मी डोळे मिटायचं कमी केलं. डॉक्टर बोलतील तसं सरळ बडवायला लागले. कपडे मशीनमध्येच कुबट होऊन पडायचे, सासूबाई नाक मुरडून पुन्हा धुवायला लावायच्या. पाठ धरली, डोळे जळजळायला लागले, आणि आकडा शहाण्णव झाला. कागदावर मी इतकी ताजी आयुष्यात कधी नव्हते आणि खरं सांगायचं तर इतकी शिळीही.

आमच्याकडे एक म्हातारे डॉक्टर आहेत. त्यांना मी एकदाही पाहिलेलं नाही, पण त्यांचा खोकला मी लाखात ओळखेन. त्यांना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'नाही का' म्हणायची सवय. 'सूज उतरलीय, नाही का. औषध तेच ठेवा, नाही का.' कंपनीचा नियम असा की असली पालुपदं गाळायची. पूर्वी मी एकेक बघून गाळत असे. आता कोण बघत बसतो? मी एक बटण बनवलं. रिपोर्ट पूर्ण झाला की ते दाबायचं, सगळे 'नाही का' एका फटक्यात गायब. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होते की सासूबाईंना दोनदा दाखवलं.

एका मंगळवारी सकाळी फोन आला. अनोळखी नंबर, पण खोकला ओळखीचा.

"बाई, मी बोलतोय. एक विचारायचं होतं. मागच्या आठवड्यात मी एका बाईंच्या रिपोर्टमध्ये गाठ आहे असं म्हणालो होतो का?"

मी म्हणाले, "थांबा, ऐकून सांगते." हेडफोन लावला, ते बोलणं शोधलं. माझा टाइप केलेला रिपोर्ट समोर होता: 'डाव्या बाजूला गाठ. दुखतं ते बघायला पंधरा दिवसांनी बोलवावं.' मी डोळे मिटले आणि पेडल दाबलं.

कानात त्यांचा आवाज आला. "डाव्या बाजूला गाठ नाही." मग खोकला. मग, "का दुखतं ते बघायला पंधरा दिवसांनी बोलवावं."

गाठ नाही. का दुखतं. मी घाईत पूर्णविराम न देता सलग बडवलं होतं, 'गाठ नाही का दुखतं', आणि माझ्या त्या हुशार बटणाने मधलं 'नाही का' खाऊन टाकलं होतं. वर मी तो उरलेला तुकडा नीट दिसावा म्हणून 'गाठ'पुढे स्वतःच्या हाताने टिंब दिलं होतं.

"डॉक्टर, तुम्ही नाही म्हणाला होता," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

ते खोकले. मग म्हणाले, "मीही न वाचता सही केली. एकोणीस वर्षं तुमचं वाचायची गरज पडली नाही, नाही का. त्या बाई आज आल्या होत्या. त्यांना मी सांगितलं, काही नाहीये म्हणून. विश्वासच बसेना त्यांचा."

"त्यांनी काय केलं, डॉक्टर? इतके दिवस?"

"रिपोर्ट वाचून घरी कोणाला बोलल्या नाहीत. चार दिवस घरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसल्या. साखर, मीठ, कणीक. मशीनला साबण किती घालायचा तेही लिहून ठेवलं. नवऱ्याला यातलं काही माहीत नाही म्हणाल्या, मागे राहिला तर त्याला सापडायला हवं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "बाई, तुमची तब्येत बरी आहे ना?" मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. मग बेसिनपाशी जाऊन नळ सोडून उभी राहिले. एका बाईने चार दिवस स्वतःच्या मरणाची तयारी केली होती, आणि त्या चार दिवसांत मी शहाण्णव टक्के ताजी होते.

ते बटण मी तिथल्या तिथे काढून टाकलं आणि त्या डॉक्टरांचे तीन आठवड्यांतले सगळे रिपोर्ट पुन्हा ऐकायला घेतले. चौसष्ट होते. बाकी कशात चूक निघाली नाही. पण देवाची कृपा ही काही कामाची पद्धत नव्हे.

आणि नशिबाची थट्टा बघा, त्याच दुपारी कंपनीचं पत्र आलं. मी महिन्यातली 'सर्वात ताजीतवानी कर्मचारी' ठरले होते. शुक्रवारी अकरा वाजता सगळ्यांची ऑनलाइन मीटिंग होती. तिथे मी पाच मिनिटं बोलायचं, घरून काम करताना इतकं ताजं कसं राहावं यावर.

सासूबाईंनी पत्र वाचलं आणि खूश झाल्या. "मग आयतं मिळालंय तर घे की. दोन शब्द गोड बोल आणि बस खाली."

"नाही घेणार, आई. सगळं खरं सांगणार आहे."

"वेड लागलंय का तुला? स्वतःच्या पोटावर स्वतःच पाय देणार? मुकादमाला कधी खरं सांगतं का कोणी?"

मग मी त्यांना चिठ्ठ्यांचं सांगितलं. आधी धीर झाला नव्हता, कारण उंदीर त्यांनी फिरवला होता आणि त्यांना वाटलं असतं की चूक त्यांचीही. सगळं सांगितलं, अगदी साबणापर्यंत. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ डब्यांच्या फळीकडे बघत उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "सुतात गाठ राहिली तर फार तर कापड फाटतं. इथे माणूस आहे." त्यानंतर त्या विषयावर आमचं बोलणं झालं नाही.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "तुझं तू बघ. मी डुलकी घेत गाडी हाकली तर मला कोण बक्षीस देईल?" मला तेवढं पुरलं.

शुक्रवारी अकराला दहा कमी असताना सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, पावडर लावून बोळात आल्या आणि आपल्या स्टुलावर बसल्या. मी म्हणाले, "आई, तुम्ही कशाला?" त्या म्हणाल्या, "बक्षीस कोणाचं आहे?"

स्क्रीनवर सव्वीस चौकोन आणि वर ठिपकेवाला, पुस्तकांसकट. त्याने माझं कौतुक केलं. एकेचाळीसवरून शहाण्णव, जिद्द असावी तर अशी, वगैरे. मग म्हणाला, "तर मॅडम, सांगा तुमचं रहस्य."

"रहस्य माझ्या शेजारी बसलंय," मी म्हणाले आणि कॅमेरा वळवला. "या माझ्या सासूबाई. मी ऐकत असताना माऊस या फिरवतात. शहाण्णवातले निदान पन्नास यांचे आहेत. बक्षीस यांना द्या."

सासूबाई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मीच ती ताजी. एकोणऐंशी पूर्ण."

दोन-तीन चौकोनांत हसू फुटलं आणि दाबलं गेलं. ठिपकेवाल्याचा चेहरा इस्त्री मोडल्यासारखा झाला. "मॅडम, हे आपण नंतर वेगळं बोलू या."

"नंतर नको. पाच मिनिटं तुम्हीच दिलीत, त्यातलं अर्धं मिनिट झालंय. बायांनो, मी एक वाक्य बोलते. ऐकलं की लगेच टाइप करा, 'नाही का' आलं की गाळा, नियमाप्रमाणे." आणि मी डॉक्टरांसारखं, मध्ये खोकून, ते वाक्य बोलले. कीबोर्डांचा खडखडाट झाला आणि एकेक करून थांबला. मी पाहत होते. आमच्यातली एक जुनी टायपिस्ट, तळघरापासूनची माझी सोबतीण, तिने तोंडावर हात ठेवला.

"हे मी केलं," मी म्हणाले. "कंपनीने नाही, ठिपक्याने नाही, मी. एका बाईला नसलेली गाठ दिली. आकड्याच्या हावेपायी ऐकायचं सोडलं म्हणून झालं. ती चूक माझ्या नावावर लिहा, मला त्याची लाज वाटते. पण यापुढे मी आधी अख्खं ऐकणार आणि मगच टाइप करणार. हात मांडीवर असतील. मध्ये कपडे वाळत घालायला उठणार. ठिपका पिवळा होऊ दे, लाल होऊ दे, नाहीतर काळा करा. माझे हात किती हलतात ते मोजायचं असेल तर मोजा, पण त्याला ताजेपणा म्हणू नका. आणि आई आता उंदीर फिरवणार नाहीत, कारण मला लपवायचं काही..."

इथे त्याने माझा आवाज बंद केला. माझे ओठ हलतायत आणि ऐकू काही जात नाही, हे मला स्क्रीनवर दिसलं. म्हटलं, ठीक आहे. मी खुर्चीला पाठ टेकली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि कॅमेऱ्यासमोर, सगळ्यांच्या देखत, डोळे मिटले. उघडले तेव्हा मीटिंग संपली होती आणि माझा ठिपका पिवळा होता.

सोमवारी पत्र आलं. बक्षीस रद्द, आणि कंपनीची फसवणूक केली म्हणून समज. त्याशिवाय एक महिन्याची मुदत. महिनाअखेर आकडा साठच्या वर नसेल तर काम बंद. मी उत्तर दिलं, दोन ओळींचं: 'फसवणुकीची समज मान्य आहे. कामाची पद्धत बदलणार नाही.' ते पाठवण्याआधी दोनदा वाचलं, टिंबं बघितली.

आज त्या महिन्याचा एकोणिसावा दिवस. माझा आकडा अडतीस आहे. भीती वाटते का? वाटते. पहाटे जाग येते आणि यादीतून नाव निघालेलं दिसतं. पण टेबलाशी बसले की वाटत नाही. एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. रोज संध्याकाळी येणाऱ्या यादीत सगळ्या जणींची सरासरी असते. मीटिंगच्या दिवशी ती चौऱ्याऐंशी होती. पुढच्या आठवड्यात एकोणऐंशी झाली, मग एकाहत्तर, काल साठ. ग्रुपवर कोणी एक अक्षर बोललेलं नाही. ठिपकेवाल्याने पाणी पिण्याचे सल्ले दुप्पट केलेत.

सकाळी म्हाताऱ्या डॉक्टरांचं बोलणं आलं. सात मिनिटांचं, कोणाच्या तरी खांद्याचं. मी हेडफोन लावला आणि पेडल दाबलं. खांदा संपला, खोकला झाला, आणि मग ते म्हणाले, "हे रिपोर्टात घेऊ नका, बाई. त्या चिठ्ठ्यावाल्या बाई काल तपासून गेल्या. दुखणं स्नायूचं होतं. मी म्हटलं, आता काढून टाका त्या चिठ्ठ्या. तर म्हणाल्या, कशाला, नवऱ्याला आता सगळं सापडतं, चहासुद्धा तोच करतो. बरं झालं, नाही का."

मी ते पुन्हा ऐकलं. मग खांद्याचा रिपोर्ट नीट ऐकायला माऊसने बोलणं पहिल्यापासून लावलं आणि पेडल दाबलं. सासूबाई शेजारी स्टुलावर होत्या. ड्युटी सुटली तरी सवय सुटलेली नाही, नऊ वाजता येऊन बसतात. पाच मिनिटं झाली असावीत, कारण त्यांनी हळूच माझ्या कोपराला हात लावला. मी एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"परत पिवळा झाला गं. हलवू का?"

"राहू दे, आई."

मी पुन्हा डोळे मिटले. काही वेळाने किंचित उघडून बघितलं. सासूबाईंनीही डोळे मिटले होते आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, तळवे वर करून. या घरात येऊन मला चोवीस वर्षं झाली, त्यांचे हात मी असे स्वस्थ कधी पाहिले नव्हते. मी पेडल दाबून धरलं आणि पुढचं ऐकत राहिले.